खारदांडा ते मनोरी, दोन स्क्रीनच्या बोटीतून

प्रवासाला गेले होते म्हटलं की आमच्या मुलुंडच्या सोसायटीत लगेच विचारतात, केरळ की हिमाचल? या वेळी मी लिफ्टमध्ये सांगितलं, मनोरी. मनोरी म्हणजे मालाडच्या पलीकडे, मार्व्याला फेरीबोट पकडली की पोचलात. तिथे जायला कुणाला चार दिवस लागतात का? मला लागले. आणि परत आले ती इतकी दमून, की दोन दिवस कुकर लावायलासुद्धा उठले नाही. नवऱ्याने खिचडी केली. ती करपली, तरी मी खाल्ली.

मी बोटींवर यंत्रं बसवते. जीपीएस, पाण्याची खोली मोजणारं यंत्र, आसपासची जहाजं स्क्रीनवर दाखवणारं यंत्र, कंपास, असं सगळं. नुसतं बसवून भागत नाही, ही सगळी एका तारेत ओवावी लागतात, म्हणजे एकाला कळलेलं दुसऱ्याला कळतं. चारकोपच्या इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये माझा छोटा गाळा आहे. निम्मं आयुष्य लोकांच्या बोटींच्या पोटात आडवं पडून गेलं. आता उजवा खांदा वर जात नाही, गुडघे वाकले की पुन्हा सरळ व्हायला कुरकुरतात. या हिवाळ्यानंतर बोटीत उतरायचं नाही, फक्त गाळ्यावर बसून दुरुस्ती करायची, असं मी घरी सांगूनही टाकलं होतं.

अशात हरेश आला.

चारकोप

हरेश खारदांड्याचा. पंचेचाळिशीचा, रुंद खांद्यांचा, बोलायला घाईत. त्याची आणि त्याच्या मोठ्या भावाची मिळून एक मासेमारीची बोट आहे. त्याला सगळी यंत्रं नवीन हवी होती आणि स्क्रीन दोन हव्या होत्या. एक केबिनमध्ये, सुकाणूपाशी. दुसरी मागच्या डेकवर, जाळं ओढायच्या जागी.

"एकीवर जे दिसेल ते दुसरीवर दिसलं पायजे," तो म्हणाला. "आन् तिकडे खूण केली की इकडे उमटली पायजे. जाळं कुठं टाकायचं, कवा वळायचं, सगळं."

मी बोटीची लांबी विचारली. त्याने सांगितली. मी म्हटलं, "अरे, एवढ्याशा बोटीला दोन स्क्रीन कशाला? मागून हाक मारलीस तर केबिनमध्ये ऐकू जाईल."

"हाक मारायची नाय ना," हरेश म्हणाला. "म्हणून तर."

मला वाटलं, इंजिनाच्या आवाजामुळे म्हणत असेल. काम घेतलं. माझी शेवटची बोट म्हणून घेतलं.

खारदांडा

खारदांड्याला तुम्ही रस्त्याने गेलात तर आधी कॉफीची दुकानं लागतात, मग जिम, मग एकदम गल्ली अरुंद होते आणि वास बदलतो. गल्लीच्या तोंडाशी समुद्र. जानेवारीचे दिवस, बांबूंच्या मांडवांवर बोंबील वाळत टाकलेले, त्यांच्या खाली मांजरं धीर धरून बसलेली. ओहोटी होती. बोटी चिखलात कलत्या पडल्या होत्या. हातात टूलबॅग, खांद्याला केबलचं भेंडोळं आणि पायात नवऱ्याचे गमबूट, अशी मी चिखलातून चालत गेले आणि शिडीने बोटीवर चढले. म्हणजे चढवली गेले. एकाने वरून ओढलं, एकाने खालून ढकललं.

वरून ओढणारा गोविंद. बोटीवरचा खलाशी आणि स्वयंपाकी, मूळचा मालवणकडचा, साठीच्या आसपासचा. मला वर घेतल्यावर तो स्वतःशीच पुटपुटला, "बाईमाणूस बोटीर... बरा नाय ता."

खाली चिखलात उभ्या असलेल्या बाईने ते ऐकलं. ती जया, हरेशच्या मोठ्या भावाची बायको. डोक्यावर टोपली, कमरेवर हात. "ए गोविंदा! बोटीच्या कागदावर माझं नाव हाय. बाई मालकीन चालते, बाई बसलेली चालत नाय?"

गोविंद चहा करायला निघून गेला. तो विषय तिथे संपला.

मोठा भाऊ नारायण. नारायणभाऊ केबिनमध्ये सुकाणूपाशी बसून होते. पंचावन्नच्या पुढचे, पांढऱ्या मिशा, गळ्यात चांदीची साखळी. मी विचारलं, "तुमची स्क्रीन इथे लावू की थोडी डावीकडे?" त्यांनी जागा दाखवली. मग मी म्हटलं, "आणि मागची किती उंचीवर?" त्यांनी गोविंदला हाक मारली. "गोविंदा, विचार त्याला, मागची किती वर पायजे."

"त्याला" म्हणजे हरेशला. हरेश चार पावलांवर दोरी गुंडाळत होता. त्याने सगळं ऐकलं होतं. तरी गोविंद चार पावलं चालत गेला आणि म्हणाला, "मॅडम इचारतत, किती वर?"

"छातीइतकी," हरेश म्हणाला.

गोविंद परत आला. "छातीइतकी."

तेव्हा मला दोन स्क्रीनचा अर्थ कळला.

दोन दिवस मी त्या बोटीच्या पोटात होते. बर्फ ठेवायच्या कप्प्याच्या बाजूने तार न्यायची, ती इंजिनाच्या उष्णतेपासून लांब ठेवायची, दर हातभर अंतरावर आवळायची. माश्यांचा, डिझेलचा आणि जुन्या पाण्याचा एकत्र वास. तिसऱ्यांदा डोकं आपटल्यावर मी शिव्या देणंही सोडलं. मुख्य तार केबिनपासून मागच्या टोकापर्यंत गेली, तिला मधे मधे फांद्या काढून एकेक यंत्र जोडलं. या तारेला दोन्ही टोकांना एकेक टोपण लागतं. टोपण नसेल तर यंत्रं एकमेकांचं बोलणं नीट ऐकत नाहीत. पुढचं टोपण केबिनमध्ये लावलं, मागचं हरेशच्या स्क्रीनखाली.

दुपारी जयाने हाक मारली. "बाय, जेवून घे. पोटात काय नाय आन् तारा जोडत बसलेस."

दोन्ही भावांची घरं भिंतीला भिंत लागून. पण चूल, म्हणजे गॅस, दुपारी एकच पेटतो. जया आणि हरेशची बायको सुलू मिळून रांधतात. मी गेले तेव्हा जया बोंबील साफ करत होती आणि सुलू तांदळाची भाकरी थापत होती. दोघींचं बोलणं अखंड चालू, एकीचं वाक्य दुसरी पुरं करायची. कोलंबीचं कालवण, वर सुक्या जवळ्याची चटणी. आमच्या मजल्यावर मासे तळले तर सोसायटीच्या ग्रुपवर मेसेज येतो, म्हणून मी घरी खिडक्या लावून, धाडस केल्यासारखे तळते. इथे दार सताड उघडं, आणि जाणारा-येणारा डोकावून विचारत होता, आज काय?

"तुमच्या माणसांचं काय झालंय?" मी विचारलं. दमलेलं माणूस आडपडदा ठेवत नाही.

जयाने विळी बाजूला सरकवली. "आमची सासू गेली ना, तवा हे बोट घेऊन वर गुजरातच्या बाजूला होते. वादळाचा इशारा आलेला. सगळ्या बोटी तिथल्या बंदराला लागलेल्या. इकडे आई गेली. हरेशने फोन नाय केला. कुनाला करू पन नाय दिला."

"का?"

सुलू बोलली. भाकरीवरचा हात न थांबवता. "कळवलं असतं तर भावजी निघाले असते ना. तसल्या वाऱ्यात. हे म्हणाले, आई गेलीच आहे, आता दादा नको जायला."

"आन् हे घरी आले ते तिसऱ्या दिवशी," जया म्हणाली. "दारात चपला बघितल्या. विचारलं, काय झालं? सहा वर्षं झाली. तवापासून एकमेकांशी शब्द नाय."

"नारायणभाऊंना माहीत आहे ना, त्याने का नाही कळवलं ते?"

"माहीत हाय. सगळं माहीत हाय. तरी."

सुलूने मला आणखी एक भाकरी वाढली. पूर्वी एक भाऊ समुद्रात आणि एक किनाऱ्यावर, म्हणून निभावत होतं. आता खलाशी मिळत नाहीत, दोघांना एकाच बोटीवर जावं लागतं. मधे गोविंद. पण गोविंदही म्हातारा होत चालला होता आणि पुढच्या वर्षी गावी जायचं म्हणत होता.

म्हणजे गोविंदच्या जागी मी ही यंत्रं बसवत होते. संध्याकाळी गमबूट धुताना हे डोक्यात आलं आणि मला फार बरं वाटलं नाही.

जुहूच्या समोर

यंत्रं बसवली की काम संपत नाही. कंपास आणि खोलीचं यंत्र समुद्रात नेऊनच जुळवावं लागतं. पहाटे भरतीला बोट आपोआप चिखलातून उचलली गेली. मी उलटीची गोळी घेतली होती. गोविंदने मला केबिनच्या मागे जाळ्यांच्या ढिगाऱ्यावर जागा करून दिली आणि वर एक घोंगडी टाकली.

मुंबईच्या माणसाने एकदा तरी आपलं उपनगर समुद्रातून बघावं. किनाऱ्यावरून बघताना जुहू म्हणजे हॉटेलं आणि भेळ. इकडून ती सगळी हॉटेलं काड्यापेट्यांएवढी होतात. विमानं मात्र मोठी होतात. ती धावपट्टी सोडून थेट तुमच्या डोक्यावरून समुद्रावर येतात, पोट दाखवत. त्यांच्या मागे धुरकट आकाशात अंधेरीच्या इमारती, त्यांच्या मागे आणखी उंच इमारती, आणि सगळ्यांच्या मागे, फिकट, नॅशनल पार्कचे डोंगर. त्या डोंगरांपलीकडे मुलुंड. माझ्या घरात आता मोलकरीण भांडी घासत असेल, असं वाटलं आणि घर फार लांब वाटलं.

पहिला घोटाळा तिथेच झाला. बोट सरळ पश्चिमेला चालली होती आणि स्क्रीन म्हणत होती, आपण जुहू चौपाटीवर चढतो आहोत.

नारायणभाऊंनी माझ्याकडे बघितलं.

मी पुन्हा आडवी झाले. कंपासचं यंत्र केबिनमागच्या फळीला, आतून लावलेलं होतं. आजूबाजूला लोखंड नको म्हणून मुद्दाम ती जागा निवडलेली. काल तिथे काही नव्हतं. आज फळीच्या पलीकडे, अगदी चिकटून, लाल गॅस सिलिंडर उभा होता.

"गोविंदकाका, हा सिलिंडर इथे कोणी ठेवला?"

"मीच ठेवलंय. थंय उडता पाणी."

"तो कंपासला ओढतोय. हलवायला लागेल."

"सिलिंडर? कंपासाक?" त्याने सिलिंडरकडे अशा नजरेने पाहिलं, जशी काही त्याची बदनामी झाली होती. मग निमूटपणे तो पलीकडच्या बाजूला नेऊन बांधला. जुहू चौपाटी मागे गेली. मी कंपास पुन्हा जुळवला, त्यासाठी बोट दोनदा सावकाश गोल फिरवावी लागली, आणि दुसऱ्या फेरीला माझ्या पोटातली गोळी बाहेर आली.

त्यानंतर सगळं चाललं. वर्सोवा मागे टाकलं, मढ उजव्या हाताला ठेवून आम्ही उत्तरेला गेलो. नारायणभाऊ केबिनमधून स्क्रीनवर बोट ठेवत. मागे हरेशच्या स्क्रीनवर तीच खूण उमटे. हरेश जाळं सोडे. तो मागून खूण करे, पुढे बोट वळे. एक शब्द नाही. गोविंदला कुणी हाक मारली नाही. तो माझ्या शेजारी बसून लसूण सोलत होता.

"माजा काम ग्येला," तो म्हणाला. तक्रार नव्हती. नुसतं सांगितलं.

माझं काम इतकं चोख झालेलं क्वचित होतं. एरवी अशा वेळी मी फोटो काढते, गाळ्याच्या भिंतीवर लावायला. फोन खिशातून काढायचाही कंटाळा आला.

जेवणाला गोविंदने हळद, मिरची, लसूण घालून ताज्या मांदेलीचं पातळ कालवण केलं, भातावर ओतलं. खोबरं नाही, चिंच नाही. त्याने ताट आधी नारायणभाऊंना नेऊन दिलं, मग हरेशला. एक केबिनमध्ये जेवला, एक मागे, दोघांची पाठ एकमेकांकडे. मी मधे बसून जेवले आणि पोटात काही टिकेल की नाही याचा विचार केला. टिकलं.

मनोरीच्या तोंडाशी

दुपारी धुरकं कमी होण्याऐवजी वाढलं. गोराईचा सोनेरी पॅगोडा मघापर्यंत दिसत होता, तो पुसला गेला. स्क्रीनवर लांबची मालवाहू जहाजं दिसत होती. जवळ काही नव्हतं.

मागून हरेश शीळ घालत आला. हाताचं बोट एका दिशेला. तिकडे धुरक्यात एक माणूस काठीला शर्ट बांधून हलवत होता.

लहान बोट होती, स्क्रीनवर न दिसणारी. गोविंद केबिनकडे धावला, पण नारायणभाऊंनी आधीच बोट वळवली होती.

बोटीत दोघं. मनोरीचे. एक म्हातारे, त्यांना आम्ही नंतर अंकल म्हणालो, आणि एक त्यांचा जावई. इंजिन बंद पडलं म्हणून अंकलनी पट्ट्यात हात घातला आणि जावयाने त्याच वेळी चावी मारली. उजव्या हाताची बोटं सापडली. हाताला लुंगी गुंडाळलेली होती आणि ती लुंगी आता कोणत्या रंगाची होती हे सांगता येत नव्हतं. जावई रडत होता. अंकल रडत नव्हते, पण ओठ पांढरे पडले होते.

अंकलना आम्ही आमच्या बोटीवर घेतलं. मी त्यांचा हात वर धरून बसले, माझ्या गुडघ्यावर टेकवून. जावयाने मनोरीला फोन लावला, गाडी किनाऱ्यावर उभी करायला सांगितली. वर्सोव्याला जायचं तर लांब. मनोरीची खाडी समोरच होती.

"ओहोटी लागलेली हाय," नारायणभाऊ म्हणाले. कुणाला उद्देशून, ते कळलं नाही.

खाडीच्या तोंडाशी वाळूचा बांध आहे. तो दर पावसाळ्यात जागा बदलतो. भरतीला त्याच्यावरून कसंही जा. ओहोटीला मधे एकच वाट असते आणि ती चुकली तर बोट वाळूवर बसते, कलते, आणि पुन्हा भरती येईपर्यंत तशीच राहते. अंकलच्या हातातून अजून रक्त येत होतं. भरतीची वाट बघणं परवडण्यासारखं नव्हतं.

"स्क्रीनवर खोली दिसते ना, मॅडम?" नारायणभाऊंनी विचारलं.

"दिसते."

"मग जाऊ."

लहान बोट आमच्या मागे दोराने बांधली, जावई तिच्यात सुकाणू धरून. नारायणभाऊंनी इंजिनाचा वेग वाढवला. दोर ताठ झाला आणि ताठ होताना एका झटक्यात डेकवरून आडवा सरकला. मागे काहीतरी कडकन मोडलं.

केबिनमधल्या स्क्रीनवर आकड्यांच्या जागी आडव्या रेघा आल्या. मग स्क्रीन काळी झाली.

"मॅडम!" नारायणभाऊ ओरडले.

मी अंकलचा हात गोविंदच्या हातात दिला आणि मागे धावले. धावले म्हणजे सरकत गेले. दोराने हरेशच्या स्क्रीनखालचा जोड मुळापासून उखडला होता. शेवटचं टोपण समुद्रात गेलं होतं, जोडातल्या पिना वाकून एकमेकींना चिकटल्या होत्या, आणि त्यामुळे पुढची सगळी यंत्रं झोपली होती. तो तुटका भाग काढून, तार त्याच्या अलीकडे बंद करायची आणि नवीन टोपण लावायचं, एवढंच काम. टूलबॅगमध्ये टोपण होतं. पण अलीकडचा जोड डेकच्या खाली होता. मी झाकण उघडलं आणि खांदा नको म्हणत असताना त्या भोकात उतरले.

त्यापुढचं मी पाहिलं कमी, ऐकलं जास्त.

हरेश माझ्या डोक्यावरून धावत पुढे गेला. त्याने टपावरचा लांब बांबू ओढला, त्याचा आवाज आला. मग तो बोटीच्या पुढच्या टोकावर पोचला असणार, कारण तिकडून त्याचा आवाज आला.

"गोविंदा! सांग त्याला, सात हात!"

तो बांबू पाण्यात टाकून खोली मोजत होता. गोविंद अंकलचा हात धरून केबिनच्या दारात बसला होता. "सात हात," तो आत म्हणाला.

इंजिनाचा आवाज खाली आला. बोट हळू झाली.

"सहा हात! सांग!"

"सहा हात."

"पाच! साडेचार! गोविंदा, उजवीकडे वाळू हाय, डावीकडे घ्यायला सांग!"

"डावीकडे—" गोविंदने सुरुवात केली, आणि त्याच वेळी बोटीखाली काहीतरी घासलं. मी तळाशी होते. तो आवाज मला पाठीतून ऐकू आला. लाकडावर ओली वाळू, लांब, मऊ. बोट थांबल्यासारखी झाली. मागचा दोर सैल पडला.

"दादा!"

हरेशचा आवाज फाटला होता.

"दादा, डावीकडे घे! डावीकडे!"

क्षणभर फक्त इंजिन. मग केबिनमधून नारायणभाऊ.

"किती?"

"चार हात! अजून घे! घे!"

"आता?"

"साडेचार! असाच राहा! सरळ!"

बोट घासत, अडखळत पुढे सरकली. खालचा आवाज बंद झाला. माझ्या हातातली पक्कड घामाने निसटत होती. टोपण बसवलं. हाताने नाही, दाताने शेवटचा पीळ दिला, कारण खांदा पुरत नव्हता.

"पाच हात, दादा!"

"वाटेच्या खुणेचा खांब कुठल्या हाताला?"

"उजव्या! लांब हाय! पाच हात!"

मी बाहेर आले, ओणवी होत केबिनच्या दारापर्यंत पोचले. नारायणभाऊंच्या समोरची स्क्रीन उजळली होती. खोलीचा आकडा मोठ्ठा, पांढरा, स्पष्ट. पाणी किती आहे, कुठे उथळ होतंय, सगळं दिसत होतं. मागची स्क्रीन तारेपासून तुटलेली, ती काळीच होती. पुढच्या टोकावर उभ्या हरेशला यातलं काही माहीत असण्याचं कारण नव्हतं. त्याची पाठ आमच्याकडे होती, तो बांबू उचलत होता, टाकत होता.

मी तोंड उघडलं. "चालू झालं, त्याला सांगते—"

नारायणभाऊंनी सुकाणूवरचा एक हात उचलला. "राहू दे," ते म्हणाले. हळू आवाजात, पण माझ्याकडे वळून. "सांगू नको त्याला."

"साडेपाच!" पुढून आवाज आला.

"साडेपाच?" नारायणभाऊंनी स्क्रीनकडे बघत विचारलं.

"हां दादा, साडेपाच!"

"बरं," नारायणभाऊ म्हणाले. "सांगत राहा."

गोविंदने अंकलचा हात धरलेला होता. तो माझ्याकडे बघत होता आणि त्याचे डोळे भरले होते, आणि त्याला डोळे पुसायला हात मोकळा नव्हता.

धक्क्याला लागेपर्यंत हरेश आकडे सांगत राहिला. धक्क्यापाशी तर पाणी भरपूर होतं, तिथे मोजायचीही गरज नव्हती. तरी तो सांगत होता आणि नारायणभाऊ विचारत होते.

अंकलना गाडीने नेलं. दोन बोटांना टाके पडले, तिसऱ्याचं टोक गेलं. संध्याकाळी त्यांच्या मुलीने आम्हाला घरी बोलावलं. चहा आणि फुगे. मनोरीच्या ख्रिस्ती घरांत सणाला करतात ते, गोल, हलके, किंचित गोड तळलेले गोळे. तिने ते सण नसताना केले होते. मी किती खाल्ले ते सांगत नाही. त्यांच्या ओट्यावर बसले तिथेच मला डुलकी लागली.

परत

दुसऱ्या दिवशी सकाळच्या भरतीला निघालो. त्याआधी, बोट धक्क्याला असतानाच, मी हरेशची स्क्रीन पुन्हा जोडली, तार या वेळी दोराच्या वाटेतून काढून दुसऱ्या बाजूने नेली. दोन्ही स्क्रीन चालू झाल्या. हरेशने त्याच्या स्क्रीनकडे पाहिलं, मान हलवली, आणि मागे जाण्याऐवजी केबिनच्या दाराला टेकून उभा राहिला.

त्यानंतर ते काय बोलले, बोलले की नाही, मला माहीत नाही. मी जाळ्यांच्या ढिगाऱ्यावर आडवी झाले, गोविंदने घोंगडी टाकली, आणि मढ कधी गेलं, जुहू कधी आलं, विमानं डोक्यावरून गेली की नाही, काही कळलं नाही. एकदा अर्धवट जाग आली तेव्हा इंजिनाच्या आवाजाखालून कुणीतरी "आई" म्हणाल्यासारखं वाटलं. कदाचित स्वप्न असेल. मी कूस बदलली.

खारदांड्याला पाणी पुरेसं होतं, बोट थेट किनाऱ्याजवळ लागली. जया गुडघाभर पाण्यात येऊन उभी होती. मनोरीची बातमी फोनवरून आधीच पोचली होती, पण पूर्ण नव्हे. तिने मला हात देऊन उतरवलं आणि हात सोडलाच नाही.

"बाय, गोविंदा फोनवर काय बोलला ते खरं?"

"काय बोलला?"

"दोघं बोलले म्हणून."

"बोलले."

"काय बोलले?"

"पाणी किती आहे, ते."

"आन् काय?"

"मी ऐकलं ते तेवढंच. पुढचं मला ठाऊक नाही, मला झोप लागली."

जयाने बोटीकडे पाहिलं. नारायणभाऊ आणि हरेश जाळं उतरवत होते, दोन टोकं दोघांच्या हातात. तिने खाली मान घालून, अगदी जवळ येऊन विचारलं, "पहिला कोन बोलला?"

"हरेश. 'दादा' म्हणाला."

तिने माझा हात सोडला, किनाऱ्याकडे वळली आणि सगळ्या दांड्याला ऐकू जाईल अशा आवाजात ओरडली, "सुले! ए सुले! लुगडं तुझं गो! तू जिंकलीस!"

वर घराच्या दारातून सुलूचं हसू ऐकू आलं. पहिला कोण बोलेल यावर सहा वर्षं त्या दोघींनी पैज लावून ठेवली होती. जया हसत होती, कमरेवर हात ठेवून, गुडघाभर पाण्यात. मग तिने पदर तोंडावर घेतला आणि पाण्यातच उभी राहून रडू लागली, आणि मी, पायातले गमबूट भरून गेलेले, खांदा वर न जाणारी, तिच्या शेजारी तशीच उभी राहिले.